पेरूला काय लागते?

पेरूचे कलम घेऊन मी घरी आलो तेव्हा माझ्या मामांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मला अजून आठवते. आंब्याचे हापूस कलम आणले असते तर त्यांनी खड्डा किती खोल घ्यावा इथपासून चौकशी केली असती, अंजीर आणले असते तर माती कशी आहे ते विचारले असते; पण पेरू म्हटल्यावर त्यांनी फक्त एवढेच म्हटले, "पेरूला काय लागते? लाव कुठेही, येईल." नगर जिल्ह्यात, राहात्याच्या पेरूबागांपासून फार लांब नसलेल्या गावात त्यांचे आयुष्य गेले होते, त्यामुळे या वाक्याला अनुभवाचे वजन होते. आणि ते वाक्य खोटेही नव्हते. पेरू कुठेही येतो. आंबट म्हणावी अशी साडेचार सामूची (पीएचची) जमीन असो की आठाच्या पुढे गेलेली चुनखडीची, पाणी थोडे असो की ऊन फार, हे झाड मरत नाही. मात्र झाड जगणे आणि खाण्याजोगे फळ मिळणे या दोन गोष्टींमध्ये किती अंतर असते, हे समजायला मला पुढची पाच वर्षे लागली.

लहानपणी आमच्या परसात जो पेरू होता, तो कोणी लावलेला नव्हता. पोपटाने किंवा वटवाघळाने टाकलेल्या बियेतून न्हाणीघराच्या सांडपाण्यावर तो वाढला होता. त्याला एक खोड असे नव्हतेच. जमिनीपासूनच तीन-चार सोट फुटलेले, त्यामुळे त्याला झाड म्हणावे की झुडूप हा प्रश्न आम्हाला कधी पडला नसला तरी तो रास्त होता, कारण वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतही पेरूचे वर्णन मोठे झुडूप किंवा लहान वृक्ष असेच केलेले असते. आम्हा मुलांना त्याचा आकार सोयीचा होता. पेरूची फांदी वाकते पण सहसा मोडत नाही, म्हणून सहा-सात वर्षांचे पोरही शेंड्याच्या जवळपास जाऊन बसू शके, आणि बेचकीसाठी दुबेळके हवे असले तर गावात पेरूइतके चिवट लाकूड दुसरे नव्हते. खोडावरची तांबूस, गुळगुळीत साल कागदासारखी सुटत असे आणि तिच्याखाली हिरवट, थंड लागणारी नवी साल असे. ती सोलू नये म्हणून आजी ओरडत असे. पण झाड ती साल स्वतःच टाकून देत असते, हे तिला आम्ही पटवून देऊ शकलो नाही.

त्या पेरूची फळे लहान, बियांनी गच्च भरलेली आणि पावसाळ्यात हमखास अळ्यांची असत. श्रावणात पिकलेला पेरू हातात आला की आधी तो फोडायचा, आत पांढरे काही वळवळते आहे का ते पाहायचे आणि मगच खायचे, हा आमचा नियम होता; अंधारात खाल्ला तर हा नियम लागू नसे. पेरू असाच असतो, अळ्या त्याच्या जन्माबरोबरच येतात, अशी आमची समजूत होती. दिवाळीनंतर त्याच झाडाला जी मोजकी फळे येत, ती मात्र घट्ट, गोड आणि स्वच्छ असत. एकाच झाडाची दोन ऋतूंतली फळे इतकी वेगळी का, हा प्रश्न त्या वयात कोणाच्याही मनात आला नाही, आणि या लेखात मला जे सांगायचे आहे ते सारे त्या न पडलेल्या प्रश्नातच होते.

या फळाला स्वतःचे नाव मिळालेच नाही, याची मला नेहमी गंमत वाटते. मूळचा तो उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचा. आपल्याकडे तो पोर्तुगिजांबरोबर आला असे मानले जाते. पोर्तुगीज भाषेत नासपतीला 'पेरा' म्हणतात आणि आपला 'पेरू', कोकणीतला 'पेर', बंगालीतला 'पेयारा' ही सगळी त्या नासपतीचीच पोरे आहेत. पेरू नावाच्या देशाशी त्यांचा संबंध जोडणे कितीही मोहक वाटले तरी खरे नव्हे. हिंदीतला 'अमरूद' फारसीतून आला आणि फारसीतही अमरूद म्हणजे नासपतीच. म्हणजे पश्चिमेच्या समुद्राने आलेल्यांनी आणि उत्तरेच्या खिंडीतून आलेल्यांनी, एकमेकांना न विचारता, या फळाला एकाच दुसऱ्या फळाचे नाव दिले. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये त्याचे शास्त्रीय नाव 'सिडियम ग्वाजावा' असे नोंदवले, त्यातला पहिला शब्दही डाळिंबाच्या जुन्या ग्रीक नावावरून घेतलेला आहे. गोव्यात पेरूच्या गराची साखरेत आटवलेली जी लालसर वडी करतात, तिला 'पेराद' म्हणतात आणि हा शब्दही मुळात नासपतीच्या मुरंब्याचा आहे.

नात्याने मात्र पेरू ना नासपतीचा आहे ना डाळिंबाचा. त्याचे कूळ जांभळाचे, लवंगेचे आणि निलगिरीचे. हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते ओढूनताणून जोडलेले वाटले होते, पण पेरूचे कोवळे पान चुरगळून नाकाशी धरले की शंका राहत नाही. निलगिरीचा तिखटपणा त्यात नसतो, पण तेलाचा वास तोच असतो. पान उजेडाकडे धरून पाहिले तर तेलाचे बारीक ठिपकेही दिसतात. पेरूच्या फुलाच्या पाकळ्या लवकर गळतात आणि मागे पांढऱ्या केसरांचा झुबका उरतो, तसाच झुबका जांभळाच्याही फुलात दिसतो. फळाच्या बुडाशी जो वाळका मुकुट असतो, तो फुलाचा निदलपुंज, म्हणजे कळीला झाकणारे बाहेरचे आवरण, आणि तो जाम या फळालाही तसाच असतो. दात दुखला की आजी पेरूचा कोवळा पाला चघळायला लावत असे. लवंग महाग होती म्हणून ती असे करत असावी, असे आम्हाला वाटे, पण दोन्ही भावंडेच निघाली.

माझे कलम 'सरदार' जातीचे होते. या जातीचे दुसरे नाव 'लखनौ-४९' असल्यामुळे ती उत्तरेकडची आहे असे अनेकांना वाटते, आणि मलाही वाटत होते. प्रत्यक्षात तिची निवड पुण्यात झाली. गणेशखिंडीच्या फळ संशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी १९२७ मध्ये लखनौहून आणलेल्या 'अलाहाबाद सफेदा'च्या बियांपासून रोपे वाढवली आणि त्यांतून हे एक झाड वेगळे काढले. पेरूच्या बियेतून मूळ झाडासारखे झाड येण्याची खात्री नसते, कारण तीनात एकाहून थोड्या अधिक फुलांचे परागण दुसऱ्या झाडाच्या परागांनी होते. परसातल्या पोपटाच्या पेरूची फळे कशी निघतील हे जसे कोणी सांगू शकत नव्हते, तसेच त्या रांगेतल्या रोपांचेही होते. फरक एवढाच की गणेशखिंडीत कोणीतरी प्रत्येक झाडाची फळे चाखून, मोजून, लिहून ठेवत होते. आईबाप उंच, सरळ वाढणाऱ्या जातीचे आणि हे पोर मात्र बुटके, पसरट, आडव्या फांद्यांचे आणि फळाने लगडणारे. देशभर जिथे जिथे व्यापारी तत्त्वावर पेरू लावला गेला तिथे तिथे हे झाड पोहोचले. मी गणेशखिंडीवरून हजारदा गेलो असेन. रस्त्यावरच्या गाडीवर चार पाकळ्या करून, तिखट-मीठ भरून दिलेला पेरू खातही गेलो असेन. पण हातातले फळ आणि डावीकडची झाडी यांचा काही संबंध असेल हे कधी मनात आले नाही.

एकदा असे झाड सापडले की ते बियेने वाढवून चालत नाही, कलमच करावे लागते. पेरूचे कलम जुन्या पद्धतीने दाबून किंवा गुटी बांधून करतात. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या फांदीची बोटभर रुंदीची साल गोलाकार काढायची, तिथे मुळे फुटण्याचे संजीवक लावायचे, ओले शेवाळ गुंडाळून वर प्लॅस्टिक घट्ट बांधायचे आणि दीड-दोन महिने थांबायचे. साल काढलेल्या जागी पानांनी तयार केलेले अन्न खाली उतरू शकत नाही, ते तिथेच अडते आणि त्या अडलेल्या अन्नातून मुळे फुटतात. त्या अर्थाने सरदार जातीचे प्रत्येक झाड ही १९२७ च्या त्या एकाच झाडाची लांबलेली फांदी आहे. माझ्या अंगणात दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात शेणखत घालून मी जी लावली, तीही त्यातलीच एक.

पहिल्या दोन वर्षांत काही घडले नाही, म्हणजे झाड वाढत राहिले आणि मी पाणी घालत राहिलो. बारा महिने, दिवसाआड, मनापासून पाणी घातले. माझ्या चुकीची सुरुवात तिथे झाली. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत ते फुलले, मीही फुललो आणि जुलैत त्याच्यावर सव्वाशे तरी फळे धरली. नातेवाइकांना पिशव्या भरून द्यायचे बेत झाले. मग पाऊस लागला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सकाळी अंगणात फळे पडलेली सापडू लागली; वरून पिवळीधमक, आतून लिबलिबीत आणि अळ्यांनी भरलेली. फळमाशी पिकू लागलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या गर खातात, फळ गळते, अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि तिथून पुन्हा माश्या बाहेर पडतात. गळलेली फळे झाडाखालीच राहू दिली तर आपण माश्यांची शेतीच करत असतो. मी दोन आठवडे ती केली. ज्या चार-सहा फळांना माशी लागली नव्हती ती आम्ही खाल्ली आणि ती पाणचट निघाली. मामांना फोन केला तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "पावसाळी पेरू धरलास कशाला? तो कोणी धरतो का?"

'धरणे' हे क्रियापद मी त्या दिवशी नीट ऐकले. फळझाडाला बहार येतो, पण शेतकरी बहार धरतो. आणि धरायचा बहार ठरवायचा म्हणजे कोणता सोडायचा ते आधी ठरवायचे. पाणी मिळत राहिले तर पेरू आपल्या हवामानात वर्षातून तीन वेळा फुलू शकतो, आणि तीन बहारांची नावेही आपल्या पंचांगातूनच आली आहेत. आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास फुलतो तो आंबे बहार, त्याची फळे पावसाळ्यात येतात. मृग नक्षत्रावर, जून-जुलैत फुलतो तो मृग बहार, त्याची फळे नोव्हेंबर ते जानेवारीत मिळतात. हस्ताच्या पावसात फुलतो तो हस्त बहार, त्याची फळे उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात. फुलापासून फळापर्यंत चार ते पाच महिने लागतात, त्यामुळे हा सारा हिशोब बोटांवर करता येतो. थंडीत वाढलेल्या फळात साखर भरते, 'क' जीवनसत्त्वही पावसाळी फळापेक्षा अधिक असते आणि फळमाशीचा जोरही थंडीत ओसरलेला असतो. आमच्या परसातल्या झाडाची श्रावणातली आणि दिवाळीनंतरची फळे वेगळी का होती, याचे उत्तर इतके सरळ होते.

झाडाला तिन्ही बहार घेऊ दिले तर त्याची शक्ती विभागली जाते आणि एकही धड येत नाही. म्हणून ताण द्यायचा, म्हणजे काही दिवस पाणी तोडून झाडाला तहानलेले ठेवायचे. ही रीत फक्त पेरूची नव्हे, डाळिंबाचे आणि संत्रा-मोसंबीचे बागायतदारही तिच्यावरच चालतात. पण वाचून माहीत असणे आणि स्वतःच्या दारातल्या झाडाचे पाणी तोडणे यात फरक आहे. मृग बहार धरायचा तर भर एप्रिलमध्ये, म्हणजे माणसाला सर्वात जास्त दया येण्याच्या दिवसांत, पाणी बंद करायचे. हलक्या मुरमाड जमिनीत थोड्या दिवसांत भागते, जड काळ्या मातीत जास्त थांबावे लागते. पाने आधी मलूल होतात, मग पिवळी पडतात, मग गळू लागतात. या काळात वाढ थांबते आणि फांद्यांमध्ये अन्नाचा साठा होतो. मग जूनच्या सुरुवातीला आळे हलके खणून मुळांना थोडी हवा द्यायची, शेणखत आणि निंबोळी पेंड घालायची, शेंडे वीतभर छाटायचे आणि पाणी सोडायचे, किंवा पावसाने सोडायची वाट पाहायची. तीन-चार आठवड्यांत नवी फूट येते आणि तिच्याच पानांच्या बेचक्यात कळ्या दिसतात.

पेरूचे सगळे शास्त्र या शेवटच्या वाक्यात आहे, असे मला आता वाटते. आंब्याप्रमाणे गेल्या हंगामातल्या तयार काडीच्या शेंड्यावर त्याला मोहोर येत नाही, त्याचे फूल त्याच हंगामातल्या कोवळ्या फुटीवर येते. जिथे नवे फुटणार नाही तिथे फळ नाही. त्यामुळे छाटणीची भीती बाळगणाऱ्याला पेरू फळत नाही. झाड उंच जाते, आतल्या फांद्या उजेडावाचून उघड्या पडतात आणि शिडीवाचून हाती लागणार नाहीत अशी चार फळे शेंड्यावर पोपटांसाठी येतात. सहा मीटरवर एक याप्रमाणे हेक्टरी पावणेतीनशे झाडे लावण्याची जुनी पद्धत मागे पडून आता दोन मीटर बाय एक मीटरवर हेक्टरी पाच हजार झाडे लावणाऱ्या बागा निघाल्या आहेत, त्या वारंवार छाटणीच्याच बळावर; लखनौच्या केंद्रीय उपोष्ण बागायती संस्थेने ही पद्धत रूढ केली आणि त्या बागेतला पेरू माणसाच्या खांद्याच्या वर फारसा जात नाही, म्हणजे तो पुन्हा झुडूपच होतो. बंगालमध्ये बारुईपूरच्या बाजूला तर फांद्या न कापता त्या दोरीने वाकवून जमिनीकडे बांधतात, आणि वाकलेल्या फांदीवर जागोजागी फूट निघते. मी एका फांदीवर हा प्रयोग केला. एका दोरीने सतरा नव्या फुटी दिल्या, आणि घरातल्या सगळ्यांना वाटले की मी कपडे वाळत घालायची सोय केली आहे.

चौथ्या वर्षी फेब्रुवारीत झाड पुन्हा फुलले तेव्हा मी स्टुलावर चढून कळ्या खुडायला बसलो. आई ओसरीवरून पाहत होती. फुलावर आलेले झाड असे कोणी ओरबाडते का, असे ती दोनदा म्हणाली आणि नंतर काही न बोलता आत गेली. मला तिचे म्हणणे चुकीचे वाटले नाही. माझ्याही हाताला ते काम जमत नव्हते; सकाळी नुकत्याच उमललेल्या फुलांवर मधमाश्या होत्या आणि त्यांना हुसकून मी त्यांच्या खालचे फूल काढत होतो. मोठ्या बागांत हे काम हाताने करत नाहीत, पाणीच तोडले की बरीच फुले आपोआप झडतात. पण मी मागच्या ऑगस्टच्या सकाळी आठवत राहिलो आणि खुडत राहिलो.

त्या वर्षी मृगाच्या फुटीवर फळे धरली. लिंबाएवढी झाली तेव्हा प्रत्येक फळावर फोमची जाळी आणि तिच्यावर पारदर्शक पिशवी चढवली. हल्ली बाजारात जे अर्धा-अर्धा किलोचे, डाग नसलेले, पांढरट हिरवे पेरू दिसतात ते असेच पिशवीत वाढलेले असतात. मला स्वतःला ते फार आवडत नाहीत. आकाराने ते डोळ्यात भरतात, पण गर काकडीकडे झुकतो आणि तो वास, ज्याच्यामुळे घरात पेरू कुठे लपवला आहे हे दारातूनच कळत असे, तो जवळजवळ नसतो. बी नसलेल्या पेरूचेही कौतुक होते. त्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, म्हणून बी धरत नाही. पण झाड फळतेही कमी आणि फळे वेडीवाकडी येतात. पेरूच्या बिया दातात अडकतात ही तक्रार खरी आहे, तरी मला ती पेरू खाल्ल्याची पावती वाटते. सालीखालच्या गरातला रवाळपणा मात्र बियांचा नव्हे. तिथे कठीण भिंतीच्या दगडी पेशी असतात, आणि त्या नासपतीतही असतात. पोर्तुगिजांना आणि इराण्यांना नासपती आठवली ती बहुधा उगीच नाही.

पहिला पेरू डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उतरवला. हिरव्या रंगात पिवळसर झाक आली की तो देठाला पान ठेवून कापायचा, झाडावर पूर्ण पिकू द्यायचा नाही. घरात ठेवला की दोन-तीन दिवसांत तो आपोआप पिकतो. त्या महिन्यात आमच्याकडे पेरूशिवाय काही शिजले नाही असे म्हणायला हरकत नाही. दह्यातली कोशिंबीर झाली, बिया काढून गूळ आणि मोहरी-हिंगाच्या फोडणीची भाजी झाली. संत्र्याच्या चौपट 'क' जीवनसत्त्व असलेले फळ आपण फोडणीत शिजवतो, याबद्दल माझी मुलगी रोज एकदा नाराजी व्यक्त करत असे आणि भाजी संपवत असे. मामांना मी सर्वात मोठी दोन फळे नेऊन दिली. त्यांनी एक चाकूने न कापता हातानेच फोडले, आत नीट पाहिले आणि मगच खाल्ले.

मला कधी कधी वाटते की पेरूच्या सोशिकपणामुळेच त्याची शेती समजायला कठीण जाते. जो सोसत नाही त्याची चूक लगेच दिसते. पेरू मात्र सगळ्या चुका पोटात घालून हिरवागार उभा राहतो आणि फळात त्याचा हिशोब देतो. हाच चिवटपणा मोकाट सुटला की काय होते हे गॅलापागोस बेटांवर दिसते. तिथे माणसाने नेलेला पेरू गुरांनी आणि पक्ष्यांनी डोंगरभर पसरवला आणि स्थानिक वनस्पतींना त्याने जागा उरू दिली नाही. तिथल्या पेरूला खरोखरच काही लागत नाही.

हे लिहितो आहे तेव्हा मे महिन्याचा दुसरा आठवडा आहे आणि माझ्या झाडाचे पाणी तोडून महिना झाला आहे. निम्मी पाने गळून अंगणात पडली आहेत, उरलेली मध्यशिरेवर दुमडून तांबूस झाली आहेत. शेजारच्या आजोबांना आमच्या घरचा नळ बिघडला आहे असे वाटते. काल संध्याकाळी ते स्वतःची पाइप घेऊन कुंपणापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "दोन बादल्या तरी घालू का? जीव आहे हो त्यालाही." मृगाला अजून तीन-साडेतीन आठवडे आहेत, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी पाइप गुंडाळली, पण जाण्यापूर्वी बराच वेळ झाडाकडे पाहत राहिले, आणि आज सकाळी आळ्याच्या कडेला हातभर माती ओली दिसली.